कळसापर्यंतचा उजेड

त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, जरा हात दाखवा."

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात नुकतीच लागले होते. औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तिथे बनायचे आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. टूलरूममधल्या जुन्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, एक साठीला टेकलेले गृहस्थ उभे असत. निळा कोट, कोटाच्या खिशात दोन पेनं आणि एक टॉर्च. हे भविष्य वगैरे बघत असावेत असं वाटून डावा हात पुढे करू की उजवा, या विचारात मी पडले. त्यांनी उजवा धरला, व्हर्निअर उघडून अंगठ्याची रुंदी मोजली, मग तळव्याची, मग दोरा गुंडाळून मुठीचा घेर घेतला आणि सगळं एका वहीत लिहिलं. "झालं. पंधरा दिवसांनी या," म्हणाले. कशासाठी, ते नाही सांगितलं. मी जन्माची चोंबडी. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक टॉर्च ठेवली. मुळात ती राजवाड्याच्या फुटपाथवर ढिगाने विकायला असते तसलीच होती, पातळ अॅल्युमिनियमची, दोन महिन्यांत रुसून बसणारी. पण यांनी तिला लेथवर चढवून पार बदलून टाकलं होतं. मागचं टोपण पितळेचं, आटे नव्याने पाडलेले, आतल्या दिव्याखाली तांब्याची चकती, म्हणजे दिवा तापला तरी जळायचा नाही. अंगावर पकडीसाठी बारीक दाणा उमटवलेला, आणि तो नेमका माझी बोटं पडतील तेवढ्याच जागी. मी मूठ मिटली आणि मला हसूच आलं. एवढ्या मापाचा तर माझा ब्लाउजही कधी कोणी शिवला नव्हता.

सगळे त्यांना काका म्हणत. कारखान्यात निदान चाळीस जणांकडे काकांच्या टॉर्च होत्या. गेटवरच्या वॉचमनकडे होती, कँटीनवाल्या बाईंकडे होती, मालकांकडे तर दोन. पैसे ते कोणाकडून घेत नसत. भंगारातले पितळेचे, तांब्याचे तुकडे मालकांना विचारून उचलायचे आणि जेवणाच्या सुट्टीत काम करायचे. लेथवरचे बाकीचे लोक चिडवत, "काका, अब इसका ब्याह भी करा दो!" काका मान वर न करता म्हणत, "लडका देख रहा हूँ."

मी एकदा विचारलं, "काका, एवढी मेहनत घेता, तर आख्खी टॉर्चच स्वतः का नाही बनवत? कशाला ती फुटपाथवरची?"

"ऐसा है मॅडम," ते म्हणाले, "चांगली वस्तू कोणीपण चांगली करेल. ही बघा, गरीब आहे बिचारी. घाईघाईत जन्माला घातलेली. हिला कोणी विचारलंच नाही की बाई, तुला काय पाहिजे. अपन विचारतो."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं. त्यातली गंमत मला पुढे वर्षभराने कळली, आणि त्यांनाही तेव्हाच.

हा सगळा उद्योग कशासाठी चालला होता ते मी इथेच सांगून टाकते. काकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, संधिप्रकाशात दिसत नसे. दिवसा सगळं ठीक. भाजी निवडतील, सुईत दोरा ओवतील. पण ऊन उतरलं की त्यांच्यापुढे पडदा पडायचा. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कृष्णपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथून दत्ताच्या देवळापर्यंत चालत सात मिनिटं. लग्न होऊन आल्यापासून काकू दर गुरुवारी संध्याकाळी एकट्या आरतीला जायच्या. हार्मोनियम वाजवायच्या, मैत्रिणींशी गप्पा मारून परतायच्या. एका गुरुवारी त्या गल्लीतल्या उघड्या नालीत पडल्या, मनगट मोडलं. त्यानंतर त्यांनी जाणं सोडलं ते सोडलंच. काका म्हणाले, मी हात धरून नेतो. काकू म्हणाल्या, "मला पोचवून नको आहे. मला जायचं आहे."

हे मला कँटीनवाल्या बाईंनी सांगितलं आणि मग काकांनीही, कसलाही आडपडदा न ठेवता. ते म्हणाले, "तिने एकटीने जावं, एकटीने यावं. बस. एवढं एक काम राहिलंय." चाळीस जणांच्या चाळीस टॉर्च म्हणजे सराव होता. प्रत्येक नवी सुधारणा ते आधी आमच्यावर करून बघत आणि जमली की काकूंच्या टॉर्चमध्ये घालत.

माणूस मोठा तऱ्हेवाईक होता, हे मात्र कबूल करायला हवं. वरण-भातावर सेव घातल्याशिवाय डबा उघडला असं ते मानत नसत, पण ती सेव सगळीकडे सारखी पडली पाहिजे म्हणून डबा दोनदा गोल फिरवत. स्वतः बनवलेली टॉर्च ते कोणाला सहजासहजी देत नसत. आधी डोळे मिटून ती उघडायची, सेल काढायचे, घालायचे, बंद करायची. जमेपर्यंत घरी न्यायची नाही. मालकांनीसुद्धा आपल्या केबिनमध्ये डोळे मिटून ही परीक्षा दिली होती आणि पहिल्या खेपेला नापास झाले होते. टॉर्चवर नाव मात्र ते कधी कोरत नसत. "हाताला बसते ना? मग झालं. दुसऱ्याच्या हातात गेली तर ती स्वतःच सांगेल, मी तुझी नाही."

एकदा मी त्यांचा एक भाग नापास केला. माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने मोठं होतं, माझा नाइलाज होता. काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझी टॉर्च मागून घेतली, संध्याकाळी परत दिली. "आता काढा चूक." मागच्या टोपणाचे आटे त्यांनी पुन्हा पाडले होते. टॉर्च उभी धरून टोपण नुसतं टेकवलं, तर ते आपल्याच वजनाने गरगर फिरत खाली जाऊन बसत होतं. मी दहा वेळा करून बघितलं, आजूबाजूचे गोळा झाले, चूक कोणालाच सापडेना. महिन्याभराने माझ्या स्वयंपाकघरात तिच्यावर थोडं पीठ सांडलं आणि ते टोपण असं अडकलं की मला आणि नवऱ्याला मिळून उघडेना. काकांनी ती उघडून दिली, पण चूक पिठाची आहे असंच त्यांचं मत पडलं.

त्यांच्या कसोट्यांपैकी एक मी स्वतः पाहिली आहे. कृष्णपुऱ्याच्या पुलावर, दिवेलागणीच्या सुमारास. नदीकाठी ज्या जुन्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्या, आहेत त्यांच्या कळसावर टॉर्चचा झोत पोचला पाहिजे आणि त्याचं वर्तुळ कळसाएवढंच, काठ न फुटता, पडलं पाहिजे. काका पुलाच्या कठड्याला कोपर टेकवून एक डोळा मिटून उभे, मी बाजूला वही घेऊन. मागून दुचाक्या, रिक्षा, हॉर्न. एक रिक्षावाला थांबला.

"भिया, क्या चेक कर रहे हो?"

"कलश," काका म्हणाले.

"गिर रहा है क्या?"

"नहीं. दिख रहा है."

रिक्षावाल्याने वर बघितलं, काकांकडे बघितलं, "सही है" म्हणून तो निघून गेला. काका खूश होते. आतली चकचकीत वाटी, जी उजेड गोळा करून पुढे फेकते, ती त्यांनी पाच दिवस घासून आरशासारखी केली होती. पुढचं प्लास्टिक काढून खरी काच बसवली होती. "अजून थोडं बारीक होऊ शकतं," ते म्हणाले. "पण आता ती जाईल. या गुरुवारी जाईल बघा."

त्या गुरुवारी काकू गेल्या नाहीत. टॉर्च हातात घेऊन दारापर्यंत आल्या, "छान आहे हो," म्हणाल्या, आणि गुडघा दुखतो असं सांगून आत वळल्या. शुक्रवारी काकांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "मतलब उजेड अजून कमी पडतो." मग पुढच्या महिन्यात आणखी लांब जाणारी टॉर्च. आणि तरीही गुडघा.

मला त्यांच्या घरी जायचा योग यायला वर्ष गेलं. पावसाळा संपला होता, रविवारची दुपार होती. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या आणि चांदीचा गणपती असतो, तिथे यांच्याकडे टॉर्च उभ्या होत्या, ओळीने, जुन्यापासून नव्यापर्यंत. मी मोजल्या, सव्वीस. सगळ्या काकूंच्या. घरात काका मला "मॅडम" ऐवजी "अगं" म्हणाले, त्यावरून मला बढती मिळाल्याचं कळलं. काकू बारीक चणीच्या, हसऱ्या, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे अगदी नीट बघणाऱ्या. चहा झाला, चिवडा झाला. काका एकेक टॉर्च काढून मला तिचा इतिहास सांगत होते, आणि मी, माझ्या स्वभावाला धरून, सहज काकूंना विचारलं, "काकू, यातली तुमची आवडती कुठली?"

काका बोलायचे थांबले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

"खरं सांगू?" काकू म्हणाल्या.

"सांगा ना."

"यातली नाहीच. अगदी पहिली होती ना, हे राजवाड्यावरून घेऊन आले होते ती. काही न केलेली. तिच्यात मला बरं दिसायचं."

"ती?" काका म्हणाले. "अगं, ती तर कचरा होती! प्लास्टिक घासलेलं, उजेड सगळा इकडेतिकडे पसरायचा. काही धडच नव्हतं तिच्यात. मी आठ दिवसांत खोलली ती."

"तेच तर. इकडेतिकडे पसरायचा," काकू म्हणाल्या. "नाली दिसायची, भिंत दिसायची, कोणाच्या ओट्याची पायरी दिसायची. तुमच्या या दिव्यांनी मला छत्रीचा कळस दिसतो हो. गोल, सुंदर, ताटलीसारखा. पण पायाशी काही दिसत नाही. त्या गोलाच्या बाहेर सगळं काळं. मला कळसावर कुठे जायचंय? मला गल्लीतून जायचंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? सगळ्यांच्या हातांची मापं घेतलीत. आणि एवढा जीव लावून करत होतात, मी कोणत्या तोंडाने सांगू की अहो, ही पण नको?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. काका शोकेसचं दार धरून उभे होते. चाळीस वर्षं या माणसाने ड्रॉइंगवरून काम केलं होतं. कागद येतो, त्यावर माप असतं, त्या मापाचा भाग करायचा. तो भाग वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही. आमच्या धंद्यात कोणीच विचारत नाही, मीसुद्धा नाही. आणि टॉर्च चांगली आहे की नाही हे त्यांनी नेहमी दहा फुटांवरच्या भिंतीवर किंवा नदीपलीकडच्या कळसावर बघून ठरवलं होतं. चालणारा माणूस जिथे बघतो तिथे, जमिनीवर, त्यांनी तिचा उजेड कधी टाकलाच नव्हता. त्यांनी शोकेसचं दार लावलं आणि काकूंना म्हणाले, "अजून एक चहा कर." 

सोमवारी काका माझ्या टेबलापाशी आले. नेहमीचा तोरा नव्हता. "मॅडम, खराबी मोजायची कशी?"

"म्हणजे?"

"ती काच. घासलेली पाहिजे. पण किती घासलेली? जास्त घासली तर उजेड मरेल. कमी घासली तर पुन्हा गोल येईल. तुमच्याकडे खरखर मोजायचं मशीन आहे नी."

होतं. ते आम्ही भाग किती गुळगुळीत झाले हे तपासायला वापरत होतो, पहिल्यांदाच काहीतरी पुरेसं खरखरीत झालंय का हे बघायला वापरलं. काकांनी सहा काचा कापल्या आणि घासायची पेस्ट लावून एकेक वेगवेगळी बिघडवली. ते काम बघायला मला जड गेलं. प्रत्येक काच आधी त्यांनी सवयीने लख्ख पुसली, खिडकीकडे धरून बघितली, आणि मग पेस्टवर पालथी घातली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मालाची खोली बंद करून घेतली. तिला खिडकी नाही, भर दुपारी अंधार. जमिनीवर काकांनी पंचवीस बोल्ट पसरले, दोन खोकी आडवी ठेवली, एक पाइप टाकला. मग काकूंना दिसतं तसं दिसावं म्हणून खिशातून वेल्डिंगचा काळा चष्मा काढला. त्याच्या काचा त्यांनी आणखी काळ्या केल्या होत्या, कडेने टेप लावली होती.

"आधी जुनी," ते म्हणाले. पुलावरून कळस गाठणारी ती टॉर्च हातात घेऊन, चष्मा घालून ते निघाले. मला चष्म्याशिवाय सगळं दिसत होतं, समोरच्या भिंतीवर सुंदर वर्तुळ आणि त्याच्या मागे चाचपडत येणारा माणूस. चौथ्या पावलाला पाय बोल्टवरून घसरला, सहाव्याला नडगी खोक्यावर आदळली. मी धावले. ते खोक्यावरच बसले. चष्मा काढला नाही.

"काका, लागलं का?"

"सव्वीस," ते म्हणाले. "सव्वीस वेळा मी तिच्या हातात हे दिलं. आणि ती म्हणाली, छान आहे हो."

  मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पहिली काच द्या."

सहाही काचा लावून ते सहा वेळा त्या खोलीतून फिरले. चष्म्यातून दिसलेले बोल्ट ते मोजत होते, मी आकडा लिहीत होते. पहिल्या काचेला सहा, तिसऱ्याला सतरा. चौथ्या काचेला ते खोक्याला वळसा घालून, पाइप ओलांडून सरळ दारापर्यंत आले आणि तेवीस म्हणाले. पाचव्या, सहाव्याला पुन्हा कमी. चौथी ठरली. तिचा उजेड भिंतीवर टाकला तर नुसता डाग पडल्यासारखा, ना काठ ना मध्य. लेथवरचे लोक बघायला आले. "काका, ये क्या बना दिया?" एकाने विचारलं. काका म्हणाले, "टॉर्च."

या वेळी त्यांनी काकूंना सगळं विचारलं. बटण कुठे हवं, वजन किती चालेल, टोपण उघडतं का. टोपण कधीच उघडत नव्हतं, सेल बदलायला शेजारच्यांना बोलवावं लागायचं, हेही तेव्हा कळलं; डोळे मिटून द्यायची ती परीक्षा काकांनी काकूंची कधी घेतलीच नव्हती. काकांनी आटे ढिले पाडले. हलवलं की टोपण थोडं खुळखुळायचं. तो भाग माझ्याकडे तपासणीला आला असता तर मी डोळे मिटून नापास केला असता. त्यांनी तो माझ्यापुढे खुळखुळवून दाखवला आणि म्हणाले, "बघा. पास की नापास?"

"पास," मी म्हटलं.

गुरुवारी त्यांनी मला संध्याकाळी घरी बोलावलं. मी पोचले तेव्हा काकू तयार होत्या. हिरवी साडी, केसात गजरा, पायात चांगल्या चपला. गुडघ्याचा विषय निघाला नाही. सूर्य बुडाला होता, गल्लीत खांबावरचे दिवे लागले होते, पण दोन खांबांच्या मध्ये काळोख होताच. काकूंनी टॉर्च लावली आणि पायऱ्या उतरून त्या निघाल्या. त्यांच्या पुढे जमिनीवर उजेड पसरला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढुरका, साधा. नाली दिसली, ओट्याच्या पायऱ्या दिसल्या, निजलेलं कुत्रं दिसलं. काकू सावकाश, पण न थांबता चालत होत्या.

काकांनी दारात उभं राहायचं असं ठरलं होतं. काकू दहाएक पावलं गेल्या असतील नसतील, काका पायात चपला सरकवत मला म्हणाले, "चल, चल."

"काका, त्या म्हणाल्या होत्या की…"

"लांबून. तिला काय कळतंय."

आम्ही भिंतीच्या कडेने निघालो, मी मागे, काका पुढे. नाली आली, काकूंनी ओलांडली. काकांनी माझा दंड घट्ट धरला होता, तो नाली मागे पडल्यावर सोडला. वळणापाशी सामान वाहणारी एक रिक्षा उभी होती, तिच्या आडोशाला आम्ही थांबलो. आडोसा कसला, निम्मे काका बाहेरच होते.

वळणावर काकू थांबल्या. मग पूर्ण मागे फिरल्या आणि टॉर्च आमच्या दिशेने धरली. तो पसरट उजेड रिक्षावर पडला, भिंतीवर पडला, माझ्या पर्सवर पडला आणि काकांच्या पायांपासून डोक्यापर्यंत सगळ्यावर पडला.

"दिसताय हो तुम्ही," काकू म्हणाल्या. "तीही दिसतेय. घरी जा बघू."

आणि वळणावरून त्या दिसेनाशा झाल्या.

मला वाटलं काका ओशाळतील, निदान काहीतरी सबब सांगतील. ते तिथेच उभे होते, रिक्षाच्या दांड्याला धरून, डोळे भरलेले.

"दिसलो," ते म्हणाले. "अगं, दिसलो मी तिला."